डबीतली झीज

लोकांना वाटतं, नाणं चकचकीत असलं की चांगलं. दर आठवड्याला कोणी ना कोणी माझ्या दुकानात येतं, आजोबांच्या पेटीत सापडलेला चांदीचा डॉलर काउंटरवर ठेवतं आणि छाती फुगवून सांगतं, "टूथपेस्टनं घासून लख्ख केलाय बघा!" मग मला सांगावं लागतं, की बाबांनो, शंभर वर्षं टिकलेलं नाणं तुम्ही एका दुपारी मारून टाकलंत. काहीजण रागावतात. रागावू देत. मी डेन्झिल ट्रेगेअर, अमेरिकेतल्या ब्यूट या खाणीच्या गावात उताराच्या रस्त्यावर नाण्यांचं दुकान चालवतो. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, पण झीज मला वाचता येते. खिशात फिरलेल्या डॉलरवर आधी त्यावर कोरलेल्या बाईच्या कानावरचे केस जातात, मग गाल, आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती. पिशवीत दुसऱ्या नाण्यांवर आपटलं तर नाणं खरचटतं, झिजत नाही. झिजलेली चांदी परत येत नाही, आणि कोणी हात लावल्याशिवाय चांदी झिजतही नाही. आमचा सगळा धंदा या दोन गोष्टींवर उभा आहे.

इम्पी राउतिओ माझ्या शाळेतली. तिचे आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले, माझे कॉर्नवॉलहून. तिचा नवरा रेइनोही खाणीतलाच, आता घरी बसलेला. त्यांचा एकुलता एक मुलगा टाउनो, उंचच उंच, लाजाळू, कोणी ओरडलं तर कानापर्यंत लाल होणारा.

राउतिओंच्या घरात एक रीत होती. मुलगा पहिल्यांदा घराबाहेर कामाला निघाला की त्याच्या खिशात चांदीचा डॉलर ठेवायचा. तो खर्च करायचा नाही. जीव घाबरा झाला की खिशातल्या खिशात त्यावर अंगठा फिरवायचा, आणि तोच डॉलर घेऊन घरी परत यायचं. रेइनोचा डॉलर मी पाहिलाय. त्यावरची बाई कधीच पुसून गेली. शर्टाच्या बटणासारखा गुळगुळीत झालाय तो.

टाउनोला अलास्काच्या समुद्रात खेकडे धरणाऱ्या बोटीवर काम मिळालं, तेव्हा त्याच्यासाठी राखून ठेवलेला डॉलर इम्पी माझ्याकडे घेऊन आली. कार्सन सिटीच्या टांकसाळीतला, टांकसाळीच्या पिशवीतून थेट उचललेला, पुढे कोणाचा हात न लागलेला. भिंगाखाली धरला आणि माझ्या तोंडून शीळच निघाली.

"हा खिशात ठेवणार? किल्ल्यांबरोबर?"

"तेच तर म्हणते मी," इम्पी म्हणाली. "पण रेइनोच्या डोक्यात शिरेल तर शपथ! पोराला दुसरा कुठला तरी देऊ. हा बंद करून आण. त्याच्या लग्नात देईन."

नाणी जमवणारा कोणीही हेच करेल. आम्ही ते नाणं दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. तिथली माणसं सत्तरपैकी गुण देतात आणि नाणं जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडतात. डबी फोडल्याशिवाय उघडत नाही. आमच्या डॉलरला पासष्ट मिळाले. इम्पीनं डबी काचेच्या कपाटात उभी केली. टाउनोनं मात्र दुसरा डॉलर घेतलाच नाही. "घरचा नाही तर राहू दे गं," असं हसत हसत म्हणाला आणि रिकाम्या खिशानं गेला.

जानेवारीत बोट बुडाली. बर्फाच्या वजनानं कलंडली असावी, असं म्हणाले. माणसं सापडली नाहीत. थोडे दिवस विमानं फिरली, मग वादळ आलं आणि शोध थांबला.

बर्फ वितळायला लागला तेव्हा इम्पी दुकानात आली. वेलदोडा घातलेला गोड पाव घेऊन आली होती, नेहमीसारखाच, जणू काही झालंच नव्हतं. पर्समधून तिनं डबी काढली.

"डेन्झिल, बघ ना जरा. हिचा गाल मळल्यासारखा दिसतोय."

"बंद डबीत कसा मळेल? तुझा चष्मा मळलाय."

पण मी दिवा ओढला, भिंग लावलं. गाल मळला नव्हता. झिजला होता.

मी डबीच्या कडा तपासल्या. कुठे चीर नाही, डिंक नाही, उष्णतेनं वाकल्याची खूण नाही. मग वाटलं, कोणीतरी नाणं बदललंय. पाठवण्याआधी मी प्रत्येक नाण्याचे फोटो काढतो, ते शोधून पुढ्यात घेतले. ओठाच्या कोपऱ्याजवळ नखानं टोचल्यासारखी एक बारीक खूण होती. फोटोत होती, डबीतही होती. अशी खूण दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी, त्याच खोलीची मिळणं अशक्य. नाणं तेच होतं.

"मळलाच आहे," मी म्हणालो. "हवा लागली की होतं असं." बंद डबीत हवा कुठून येणार, हे तिनं विचारलं नाही, हे माझं नशीब.

"थोडे दिवस माझ्याकडे ठेवून जा," मी म्हणालो.

डबी मी तिजोरीत ठेवली. तिजोरीची किल्ली माझ्या गळ्यात असते, आंघोळीलाही काढत नाही. मुद्दाम महिनाभर उघडली नाही. उघडली तेव्हा आणखी थोडी चांदी गेली होती. डबीच्या तळाशी कण नाही, धूळ नाही. आणि झीज खिशातली नव्हती. खिशात नाणं दोन्ही बाजूंनी झिजतं. इथे मागचा गरुड कोरा करकरीत होता, पिसं न् पिसं मोजावीत असा. पुढे मात्र फक्त गालावर, थोडी तिरकी, उजव्या हाताचा अंगठा फिरावा तशी झीज होती.

मी खुर्चीत बसून राहिलो. चाळीस वर्षं हे काम केलंय. अशी झीज पाहिली नव्हती.

इम्पी आली तेव्हा खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"झिजतंय ना?"

"हो."

"अंगठा आहे ना तो?"

मी डबी तिच्याकडे सरकवली. तिनं डबी छातीशी धरली.

"घाबरलाय रे पोरगा," ती म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. इतका, की मला बघवेना. "पण घाबरलाय म्हणजे आहे. कुठेतरी आहे!"

त्यानंतर ती दर पंधरवड्याला यायची. दर वेळी मी बघायचो, दर वेळी थोडं थोडं गेलेलं असायचं. केस गेले, गालाचं हाड गेलं, डोळा सपाट झाला. तिला मात्र नवी उभारी आली होती. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या गावांना फोन करायची, तिथल्या इस्पितळांत चौकशी करायची. लोकरीचे मोजे विणले तिनं. "पाय गारठले असतील त्याचे," असं म्हणायची.

आणि एका सकाळी रेइनो आला. टोपी हातात धरून उभा राहिला.

"तुझं ऐकते ती," तो म्हणाला. "तिला सांग, पोरगं गेलं. पाद्री तयार आहे, जागा तयार आहे, ही हो म्हणत नाही. मला त्याच्या नावाचा एक दगड उभारू दे, डेन्झिल. कुठेतरी जाऊन बसायला जागा नको का बापाला?"

"मला दिसतं तेच मी सांगतो, रेइनो."

"काय दिसतं तुला? तुझंही डोकं फिरलंय का?"

डबी त्या दिवशी माझ्याकडेच होती. मी ती त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं भिंग घेतलं नाही. खिशातून स्वतःचा डॉलर काढला आणि डबीच्या शेजारी ठेवला. दोन्हींवर खळगा त्याच जागी होता, तसाच तिरका.

त्यानं आपल्या डॉलरच्या खळग्यावर अंगठा ठेवला.

"मी म्हटलं होतं, त्याच्या खिशात ठेव," तो म्हणाला. "म्हटलं होतं की नाही?" आणि तो ढसाढसा रडला. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, खाण बंद झाली तेव्हासुद्धा नाही. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

पण दगड त्याला हवाच होता. तो म्हणाला, "तो कुठेही असला तरी आपल्याला त्याच्यापर्यंत जाता येत नाही. हिचे हाल बघवत नाहीत. रात्ररात्र डबी घेऊन बसते. जेवत नाही. मरेल ती."

खरंच, ती सुकत चालली होती. आशेनं माणूस इतकं खंगतं, हे मी तेव्हाच पाहिलं.

उन्हाळा संपता संपता इम्पी आली ती दारातच थबकली. पाव नव्हता आणलेला.

"काहीतरी वेगळं झालंय," ती म्हणाली.

मी दिवा लावला. नाणं करडं पडलं होतं. मागे, पुढे, कडेला, सगळीकडे. चांदीला बारीक रवाळ खरखरीतपणा आला होता, गरुडाची पिसं खाल्ल्यासारखी झाली होती. मला भिंगाची गरज नव्हती. बुडालेल्या जहाजांतून वर काढलेली नाणी मी शेकड्यांनी हाताळलीत. खारं पाणी चांदीला असंच खातं. दुसरं काहीही असं खात नाही.

मी दिवा बाजूला सारला.

"सांग," इम्पी म्हणाली.

आता तिला मी म्हणेन तेच खरं होतं. एवढे महिने माझ्या शब्दावर तिनं पोराला जिवंत ठेवलं होतं. रेइनोचं तिनं ऐकलं नसतं, पाद्र्याचंही नाही.

"समुद्राचं पाणी आहे, इम्पी," मी म्हणालो. "नाणं पाण्यात आहे."

"आणि अंगठा?"

झीज या करड्या थराखाली दिसत होती, जुनी. दिव्याखाली मला तरी तसंच दिसलं.

"थांबलाय."

ती खाली बसली. आवाज न करता रडली, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून. मी काउंटरच्या पलीकडून तिच्याकडे गेलो आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. गुडघे मोडकळीला आलेत माझे, पण बसलो. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. कोणीतरी दार ढकललं, आत पाहिलं आणि परत गेलं.

"संपलं ना रे त्याचं?" तिनं विचारलं. "आता घाबरत नसेल ना?"

"नाही. आता नाही."

"मग पुरू आपण त्याला," ती म्हणाली. "रेइनोला सांगते."

पुरायला काही नव्हतं. टाउनोचं शाळेतलं जॅकेट होतं, ते घडी करून एका छोट्या लाकडी पेटीत ठेवायचं ठरलं. इम्पीची एकच इच्छा होती. डॉलर डबीतून काढायचा आणि त्या जॅकेटच्या खिशात ठेवायचा. या वेळी मी दर्जाबद्दल, किमतीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दफनाच्या दिवशी सकाळी ती दोघं दुकानात आली. रेइनोनं टाय बांधला होता. पेटी त्याच्या मांडीवर होती.

मी डबी पकडीत धरली आणि दाबली. प्लास्टिक तडकलं. नाणं माझ्या तळहातावर पडलं.

थंडगार होतं. इतकं, की हातातून निसटणार होतं.

सवयीनं मी ते दिव्याखाली धरलं. इतके दिवस प्लास्टिकच्या आडून पाहिलं होतं, आता उघडं दिसत होतं. खाऱ्या पाण्यानं खाल्लेला करडा, खरखरीत गाल.

त्या गालावर एक पट्टा गुळगुळीत होता.

मी भिंग डोळ्याला लावलं. झीज आधीची असती, तर पाण्यानं तिलाही खाल्लं असतं, तीही करडी, रवाळ झाली असती. हा पट्टा तसा नव्हता. रव्यांची टोकं घासून सपाट झाली होती. करडेपणाच्या वरून कोणीतरी अंगठा फिरवला होता.

उघडी पडलेली चांदी दोन-चार दिवसांत निस्तेज होते. ही पांढरीशुभ्र होती. अंगठा थांबलेला नव्हता.

"डेन्झिल?" इम्पीनं हात पुढे केला. "काही आहे का?"

रेइनो माझ्याकडे बघत होता. पेटीचं झाकण त्यानं आधीच उघडलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि नाणं तिच्या हातात दिलं.

तिनं ते जॅकेटच्या खिशात सरकवलं, वरून दोनदा थोपटलं, आणि रेइनोनं झाकणाला खिळे ठोकले.