मांडीखालचे हात

ती २००९ सालची गोष्ट. त्या वर्षी कॅनडातल्या थंडर बे शहरात बर्फ लवकर पडला आणि हटायचं नाव घेईना. तरीही वाचनालयाच्या तळघरात दर शनिवारी दुपारी नोरीन टॉमचॅकचा वर्ग भरायचाच. वर्ग कसला, चार मेजं, वायरींचा गुंता आणि कॉफीचा थर्मास. लोक घरातले रखडलेले कॉम्प्युटर उचलून आणायचे आणि त्यांच्यावर लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली चढवायला शिकायचे. ती फुकट मिळायची, आणि आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता यायचं. थोडी भीड चेपली की त्याच जुन्या यंत्राचा घरगुती सर्व्हर व्हायचा. म्हणजे आपले फोटो, आपली गाणी, आपल्याच घरातल्या पेटीत.

नोरीनचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जोडण्या करण्यात गेला होता. तिचा नियम एकच: शिकवणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. मोह होतोच, म्हणून हात मांडीखाली दाबून बसायचं. ज्याची चूक त्याच्याच बोटांनी व्हावी आणि त्याच्याच बोटांनी सुधारावी, तरच ती मुरते, असं ती म्हणायची. तिचा मदतनीस क्लिफ बोइव्हिन रेल्वेतून निवृत्त झालेला. या बाईने माझ्या हातांचं लोणचं घातलंय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

जानेवारीत हेल्वी लाहतिनेन आली. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळी. बे स्ट्रीटपासून प्लास्टिकची घसरगाडी बर्फावरून ओढत तिने गोधडीत गुंडाळलेली एक पत्र्याची पेटी आणली होती. तिचा नवरा टोइवो गेल्या वसंतात वारला होता. पेटी म्हणजे त्याचा सर्व्हर. घरातल्या साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, शेजारच्या कोनाड्यात तो कित्येक वर्षं घुमत होता, आणि आता त्याच्या डिस्कमधून नखाने काच खरवडावी तसा आवाज येत होता.

तिचं म्हणणं तिने आधी कॉफी संपवून मगच सांगितलं. तिची मुलगी कैया नऊ वर्षांची असतानाच वारली होती. तिच्या आवाजाची एकच टेप होती. टोइवोने ती या पेटीत उतरवून घेतली, आणि पुढे मूळ टेप मशीनने चावून टाकली. आता कैया जगात फक्त या खरवडणाऱ्या डिस्कवर होती.

क्लिफ लगेच पुढे सरसावला. द्या इकडे, पाच मिनिटांचं काम आहे, म्हणाला.

"आणि उद्या पुन्हा बिघडलं तर?" हेल्वी म्हणाली. "तुम्ही काय माझ्या तळघरात मुक्कामाला येणार?"

क्लिफने मुकाट्याने हात मांडीखाली घेतले. नोरीनला बाई तिथेच आवडली.

हेल्वीला कुणा कंपनीच्या गोदामात मुलीचा आवाज ठेवायचा नव्हता. तो घरातच राहायला हवा होता, आणि घरातल्या माणसाला तो सांभाळता यायला हवा होता. घरात माणूस ती एकटीच. म्हणून ती शिकत होती.

कीबोर्डही तिने घरूनच आणला. टोइवोचा, जड, दणदणीत कळांचा. उजव्या हाताची चारही बोटं टोइवोने कागदाच्या मिलमध्ये रोलरखाली गमावली होती. त्या हाताने तो नुसत्या अंगठ्याने टाइप करायचा. खोडायची कळ त्याच्या अंगठ्याने एका कडेला तिरपी झिजली होती. कीबोर्डला त्याच्या डांबरी साबणाचा वास अजून होता.

पहिले काही शनिवार जुन्या रिकाम्या डिस्कवर सराव झाला. हेल्वी मान खाली घालून एकेक कळ शोधायची आणि ओळ संपली की पडद्याकडे बघायची. एकदा वर बघून ती सहज म्हणाली, "आभारी आहे हं."

"कशाबद्दल?"

"एक अक्षर चुकलं होतं. तू नीट केलंस ना?"

नोरीन हसली. हे शिकणाऱ्यांचं नेहमीचंच. चूक आपणच सुधारतो आणि आपल्यालाच कळत नाही. पुढच्या शनिवारी हेल्वीने पुन्हा आभार मानले, तेव्हा नोरीन म्हणाली, "बाई, माझे हात बघ कुठे आहेत." हेल्वीने वाकून पाहिलं. मग वेलचीच्या पुल्ल्याचा, म्हणजे फिनिश गोड पावाचा, तुकडा तिच्यापुढे सरकवला.

त्या दिवशी साबणाचा वास जास्त येतोय असं नोरीनला वाटलं. तळघरातल्या हीटरमुळे असेल, असं तिने मनाशी ठरवलं.

मार्चमध्ये खरं काम काढलं. जुनी डिस्क आणि नवी डिस्क एकाच यंत्राला जोडली. आता एक ओळ लिहायची होती: अमक्या डिस्कवरचं सगळं तमक्या डिस्कवर उतरव. यंत्र डिस्कना अक्षरांनी ओळखतं. सकाळी नोरीनने स्वतः तपासलं होतं, नवी ती ए, जुनी ती बी. म्हणजे बी-वरून ए-वर. उलट लिहिलं, तर नव्या डिस्कचा कोरेपणा जुनीवर उतरेल आणि कैया पुसली जाईल. यंत्र हटकत नाही.

ओळ लिहिण्याआधी जुनी डिस्क फार तापली, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद करून तिला थंड होऊ दिलं. परतल्यावर यंत्र पुन्हा सुरू केलं. हेल्वी ताठ बसली.

"बघून सांगू का?" नोरीनने विचारलं.

"नको. ओळ पाठ आहे माझी."

तिने एकेक कळ दाबली. बी-वरून ए-वर. नोरीनने ओळ वाचली आणि मान डोलावली. खरवड पुन्हा सुरू झाली होती.

मग कळा वाजल्या. जड, एकेक करून.

टक. टक.

नोरीन पडद्याकडे बघत होती. मागची अक्षरं खोडली जात होती. नवी उमटली. ए-वरून बी-वर.

घाबरली बिचारी, ऐनवेळी डळमळली, नोरीनच्या मनात आलं. ती "थांब" म्हणेपर्यंत हेल्वीने चष्मा नाकावर चढवला होता आणि शेवटची कळ दाबली होती.

"अक्षरं उलटी का केलीस?"

"मी?" हेल्वीच्या मुठीत अजून स्वेटरचं टोक होतं. "मी चष्मा पुसत होते."

साबणाचा वास दाट झाला होता.

क्लिफ उठला आणि प्लगकडे धावला. डिस्कचा दिवा लुकलुकत होता. ओळ चुकीची असेल, तर क्षणाक्षणाला मुलगी पुसली जात होती. ओळ बरोबर असेल, तर खंगलेल्या डिस्कची वीज आता तोडणं म्हणजे तिचा गळा दाबणं.

"हात मागे, क्लिफ," नोरीन म्हणाली. "हेल्वी, पडद्यावर दुसरी खिडकी उघड. डिस्कची यादी माग. सावकाश."

हेल्वीने एकेक कळ शोधत सगळं स्वतःच लिहिलं.

यादी आली. जुनी डिस्क आता ए होती.

यंत्र सुरू होताना अक्षरं नव्याने वाटतं, आणि वाटणी दर वेळी तीच होते असं नाही. हे नोरीन दर शनिवारी नवख्यांना बजावून सांगायची. त्या दुपारी तीच विसरली होती. हेल्वीने पाठ केलेल्या आणि नोरीनने मान डोलावलेल्या ओळीने कैया गेली असती.

तिने मांडीखालचे हात काढले नाहीत. ते बधिर झाले होते.

दुपारभर नक्कल उतरत राहिली. बाहेर अंधारून यायच्या सुमारास ती संपली, आणि जुनी डिस्क एकदा खरवडून कायमची गप्प झाली.

हेल्वीने नव्या डिस्कवरची फाइल उघडली. खरखर आली. खुर्ची सरकली. मग एका लहान मुलीचा आवाज, फिनिशमधला. हेल्वी डोळे मिटून, वाक्यावाक्याला थांबत त्यांना अर्थ सांगत गेली.

"बाबा, तू हात लावायचा नाहीस. बटण मीच दाबणार."

पुरुषाचं हसू आलं. मग त्याचा आवाज.

"नाही लावत. चुकलीस तरच."

क्लिफने टोपी काढून मांडीवर ठेवली.

हेल्वी पुढे आणखी सात हिवाळे जगली. सर्व्हर तिने शेवटपर्यंत स्वतः चालवला, आणि दोन शेजारणींनाही शिकवला. ती गेल्यावर पेटी तिच्या भाचीकडे सडबरीला गेली. तिथे ती अजून घुमते. क्लिफ व्हिक्टोरियाला मुलाकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. त्या दुपारबद्दल तो कधी गमतीनेही बोलला नाही. नोरीन ऐंशीच्या घरात आहे. गुडघ्यांनी दगा दिला, तरी शनिवार तिने सोडलेला नाही.

कीबोर्ड हेल्वीने वर्गाला दिला होता. तो घेताना नोरीनने झिजलेली खोडायची कळ काढून हेल्वीला आठवण म्हणून दिली आणि तिच्या जागी कोरी करकरीत बसवली. नवखी माणसं त्याच कीबोर्डवर शिकतात. खाली मान घालून लिहितात, वर बघतात आणि कधीकधी नोरीनचे आभार मानतात. तीही आता कशाबद्दल म्हणून विचारत नाही.

गेल्या शनिवारी कीबोर्ड पुसताना तिने चष्मा लावून पाहिलं. बाकीच्या कळा सपाट झिजल्या आहेत. नवी बसवलेली खोडायची कळ तेवढी एका कडेला तिरपी झिजली आहे.