शिरेजवळची दोन अक्षरं

“बाही वर करा,” हेमांगी म्हणाली. त्याने बाही वर केली आणि तिच्या हातातला कापसाचा बोळा तिथल्या तिथे थबकला.

डाव्या कोपराच्या खळग्यात, सुई घालायच्या शिरेपासून जेमतेम दोन बोटांवर, निळ्याकाळ्या शाईत काहीतरी गोंदवलेलं होतं. دم. गळासारखा एक आकडा, एक गाठ, आणि खाली ओढलेली रेघ.

“हे कधी केलं?”

“आवडलं?”

“तारीख विचारतेय.”

“गेल्या वर्षी. दोन मार्च.”

आज चार जानेवारी. हेमांगीने मनात हिशोब केला आणि फॉर्मवर लाल रेघ मारली. “गोंदवल्यापासून बारा महिने रक्त घेता येत नाही. मार्चमध्ये या.”

भरल्या पंगतीतून उठवावं तसा चेहरा झाला त्याचा. फॉर्मवर नाव होतं मयूर म्हात्रे, राहणार भोपर, डोंबिवली. रक्तगट ओ, सोबत कॉलेजच्या शिबिरात मिळालेलं पिवळं पडलेलं कार्ड.

“निदान काय लिहिलंय ते तरी विचारा,” तो उठता उठता म्हणाला. “नकार पचायला बरा जाईल.”

“काय लिहिलंय?”

“कोण वाचतंय त्यावर आहे. अरबी माणूस वाचेल, रक्त.”

हेमांगी चाट पडली. रक्तपेढीत यायचं, तेही ऐन शिरेजवळ ‘रक्त’ लिहून? बरणीवर चिठ्ठी चिकटवावी तसं?

“इराणी माणूस वाचेल, श्वास. आपल्या दम लागण्यातला दम, तोच. आणि उर्दूवाला…” तो दारापर्यंत पोचला होता. “दाल आणि मीम, दोनच अक्षरं. मधला छोटा स्वर लिहीत नाहीत, ज्याने त्याने आपापला घालायचा. उर्दूवाल्याने ‘अ’ घातला तर श्वास…”

“आणि ‘उ’ घातला तर?”

“शेपूट,” असं म्हणून तो जिना उतरला.

हेमांगीला हसू आवरेना. समोरच्या खुर्चीवरच्या आजोबांना वाटलं, आपल्यालाच हसतेय.

खोपटच्या एसटी डेपोमागे पहिल्या मजल्यावर ती रक्तपेढी होती. हेमांगी चेंदणी कोळीवाड्यातली, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. दोनदा ओढून पाहिल्याशिवाय घराला कुलूप लागलं असं ती मानत नसे. असल्या मुलीला एका गोंदणाने आठवडाभर छळावं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. स्वतःचं चालत नाही म्हणून भोपरचा एक मित्र घेऊन आला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरा. मित्र पलंगावर आडवा, आणि हा काउंटरवर कोपर टेकून उभा.

“हा पोरगा गाव रिकामं करणार,” हेमांगीच्या सीनियर, वैशालीताई म्हणाल्या. “जा बाई, चहा पिऊन ये त्याच्याबरोबर. गावात थोडं रक्त राहू दे.”

डेपोबाहेरच्या टपरीवर उकळत्या चहात आलं ठेचल्याचा वास होता. मयूर सांगत होता… विठ्ठलवाडीला मधुअंकल नावाच्या सिंधी म्हाताऱ्याचं कापडाचं दुकान होतं. पाटीवर देवनागरीच्या खाली ही उलट्या बाजूने वाचायची लिपी. सातवीतला मयूर तिच्याकडे बघत उभा राहायचा. अंकलनी बिलाच्या मागे एकेक अक्षर काढून शिकवलं. मग उर्दू, मग फारसी, मग अरबीत एम.ए. घरचे भातशेती आणि मिठागरातले. पोरगा असलं काय शिकतो ते अजून कोणाला कळलेलं नव्हतं.

“म्हणजे मूळ एकच शब्द, आणि तीन अर्थ?” हेमांगीने विचारलं.

“छे. मूळ वेगवेगळं. रक्तवाला अरबी, हिब्रूचा नातलग. श्वास आणि शेपूट दोघे इराणी, पण त्यांचंही एकमेकांशी नातं नाही. लिहिल्यावर मात्र तिघे सारखे दिसतात.”

“शार्क आणि डॉल्फिन,” ती पटकन म्हणाली. “आकार सारखा, पण एक मासा आणि एक सस्तन. पाण्याने दोघांना तसं घडवलं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “मी हे सहा वर्षं लोकांना समजावतोय. तुला एका चहात समजलं.”

अहोजाहो कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

“आता एक गंमत,” तो पुढे झुकला. “इराणी श्वासवाल्या दमचं मूळ म्हणजे फुंकणं. संस्कृतात त्याचा सख्खा चुलतभाऊ आहे, धम्. फुंकायची नळी ती…”

“…धमनी?”

“धमनी.”

हेमांगीने पेला खाली ठेवला. हजार वेळा तिने तो शब्द लिहिला होता, आकृतीत लाल रंगाने रंगवला होता. आणि त्याच्या आत कुणीतरी फुंकर मारत बसलंय, हे आजवर एकाही मास्तराने सांगू नये?

“तोंड मीट,” मयूर म्हणाला. “माशी जाईल.”

“कोळ्याच्या पोरीला माशीची भीती घालतोस?”

तो हसला… आणि हसता हसताच म्हणाला, “मस्कतला जातोय मी. तिथल्या हॉस्पिटलात दुभाषा म्हणून. दोन वर्षं. पंधरा मार्चचं विमान.”

चहा तसाच राहिला. तिने अभिनंदन केलं, अगदी नीट, पूर्ण वाक्यात. जिना चढताना मात्र तिला दम लागला. पहिलाच मजला होता.

तीन मार्चला मयूर आला आणि हक्काने पलंगावर आडवा झाला. सुई लावताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. त्यासाठी तिने श्वास रोखून धरला होता.

नमुना तिनेच तपासायला घेतला. रक्तगट दोन बाजूंनी बघतात. आधी पेशी तपासायच्या, मग त्याच रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, आधीच गट माहीत असलेल्या पेशींत घालून बघायचं. पहिली बाजू म्हणाली, ओ. दुसऱ्या बाजूला ओ पेशींच्या नळीत काही म्हणजे काही होता कामा नये.

तिने नळी हलवली. तळाशी लाल गुठळी. घट्ट, एकसंध.

हेमांगीने नवी नळी घेतली. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा वैशालीताईंनी केलं. मग शेवटची खास चाचणी. वैशालीताईंनी चष्मा काढला. “बॉम्बे ग्रुप. बावीस वर्षांत माझा हा तिसरा. शिबिरात एकच बाजू बघून कार्ड दिलेलं दिसतंय. त्याला बोलव.”

मयूर बिस्किट खात होता. “काय गं? पांढरी पडलीस.”

“तुझं रक्त ओ नाही.”

“कार्ड आहे की माझ्याकडे!”

“कार्ड चुकलंय. दहा हजारांत एखाद्याचा असतो असा गट आहे तुझा. उद्या तिकडे अपघात झाला, कुणी ते कार्ड बघून ओ रक्त चढवलं तर…” तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. “तर ते रक्तच तुला मारेल, मयूर.”

बिस्किटाचा तुकडा त्याच्या बोटांतच राहिला. दहा वर्षं तो कागद पाकिटात घेऊन हा माणूस मोटरसायकल चालवत होता.

“मग मला रक्त चालेल कोणाचं?”

“याच गटाच्या माणसाचं. सख्ख्या भावंडांत सापडायची शक्यता सगळ्यात जास्त, चारात एक. घरच्यांना घेऊन ये. बहीण आहे ना?”

“कल्पिता. पण आमच्याकडे सुई म्हटलं की सगळे शेतात पळतात. आजी तर आयुष्यात एकदाही…”

“मग मस्कतला जाऊ नकोस!”

शब्द तोंडातून गेला आणि ती स्वतःच दचकली.

मयूरने मान वर केली. “हे रक्तपेढी सांगतेय… की हेमांगी?”

पंखा फिरत होता. उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण दोनदा तपासायची सवय आड आली. “रक्तपेढी,” ती म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला, आणि गेला.

चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, जिन्यावर पावलांचा मोठा गलका झाला. हेमांगीने दार उघडलं आणि बघतच राहिली.

नऊ माणसं! पुरुष कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, बायका जरीच्या साड्यांत, केसांत अबोलीचे गजरे. मयूरची आई पेढ्यांचा खोका सांभाळत होती. सगळ्यांच्या पुढे, नऊवारीचा काष्टा आवळून, त्याची आजी ठमाबाई. मयूर सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून.

रक्त द्यायला कुणी इतकं नटतं? पण वेळ नव्हता. कल्पिताचा नमुना झाला, मयूरच्या धाकट्या भावाचा झाला, आईवडिलांचा झाला. एकानेही हूं की चूं केलं नाही. सगळे तिच्याकडे बघून नुसते गोड हसत होते.

शेवटी ठमाबाई खुर्चीत बसल्या. हेमांगीने दंडाला पट्टा बांधला.

“नाव काय गो तुजा?”

“हेमांगी.”

“कनच्या गावची?”

“चेंदणी, आजी. मूठ आवळा.”

“म्हंजे कोल्यांची पोर! बरा झाला, मासली तरी ताजी मिलल.” मागे हशा पिकला. ठमाबाईंनी पट्ट्याकडे संशयाने पाहिलं. “पन मी काय म्हनतंय… मुलगी बघाला आलेल्या मानसांचा रगत काढून घेतान, ही कनची रीत गो तुमची?”

हेमांगीने सुई तशीच हवेत धरली.

मुलगी… बघायला?

तिने हळूहळू मान वळवली. मयूरचे कान जांभळाच्या रंगाचे झाले होते.

“रक्त तपासायला चला म्हटलं तर कुत्रं आलं नसतं गं,” तो पुटपुटला. “मुलगी बघायला चला म्हटलं, तर काकासुद्धा आला.”

“खोटं बोलून आणलंस सगळ्यांना?”

“खोटं कुठे?” तो सगळ्यांना ओलांडून पुढे आला. “मला भाषा येतात चार. पण तुला काय वाटतं ते एकीतही विचारता येईना. म्हणून मला काय वाटतं, ते घरी सांगून टाकलं.”

हेमांगीने आजींचं रक्त घेतलं, कापूस दाबला, नळ्या उचलल्या आणि आत निघून गेली.

अर्धा तास बाहेर पेढ्यांचा खोका उघडायची कुणाची हिंमत झाली नाही.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. “कल्पिता,” ती म्हणाली, “तुझा आणि दादाचा गट एकच आहे. तुम्ही दोघं एकमेकांना रक्त देऊ शकता. दोघांची नावं आम्ही दुर्मीळ गटाच्या यादीत घालतोय. नवीन कार्ड आजच देते. मयूर, त्यावर अरबीत तू लिही. आणि कुणाला दुसरं काही वाचता येणार नाही, असं लिही.”

आईने पदर डोळ्यांना लावला. कल्पिता मयूरच्या पाठीत गुद्दा घालून रडायला लागली.

“ता झाला,” ठमाबाई म्हणाल्या. “आनि आमचा जवाब?”

हेमांगी मयूरसमोर जाऊन उभी राहिली. “मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे असतं?”

“दीड तास,” तो गोंधळून म्हणाला.

“माझी ड्यूटी सहाला सुटते. म्हणजे तुझे साडेचार. रोज फोन करीन. पहिल्या रिंगला उचलायचा.”

मयूर नुसता मान डोलवत राहिला. चारांपैकी एकही भाषा कामाला आली नाही.

ठमाबाईंनी वैशालीताईंची बाही ओढली. “ही काय बोलली गो? हो म्हनाली का?”

“हो म्हणाली, आजी,” वैशालीताईंनी पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडली. “आणि दोनदा तपासल्याशिवाय ही मुलगी काही बोलत नाही.”