मेणाची विधानसभा

वैभवीची किंकाळी ऐकली आणि अस्मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली.

हॉलचं दार सताड उघडं. आत एसीचा गारठा. मधल्या टेबलावर अमेरिकेच्या दक्षिणेतली विधानसभा होती, तिथल्या यादवी युद्धानंतरची. कालपर्यंत गुलाम असलेली काळी माणसं तिथे आमदार होऊन बसली होती. वैभवीने महिनाभर खपून एकेक आमदार मेणाचा घडवला होता, एकेकाचा चेहरा वेगळा.

आता त्या सगळ्यांच्या माना लोंबत होत्या. हात वाकडे झाले होते. एक जण तर तोंडावर आपटला होता. दाराशी पहाऱ्याला ठेवलेले उत्तरेचे गोरे सैनिक मात्र ताठ उभे.

"फक्त काळ्यांनाच मारलंय गं," वैभवी हुंदके देत म्हणाली. "कुणी केलं हे?"

मे २००१, शनिवार. दुबईच्या अल कुसैसमधल्या या भारतीय शाळेत आज इतिहासाचं प्रदर्शन होतं. अकरावीचा विषय अनुराधा मॅमनी दिलेला: युद्ध जिंकूनही समानता का हरली?

पण मॉडेल गेलं, ही खरी आपत्ती नव्हतीच. खरी आपत्ती प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर स्टुलावर बसली होती. तिचं नाव मोहिद्दीन. शाळेचा वॉचमन.

"गुरुवारी हॉलला कुलूप लावलं, काल शुक्रवारची सुट्टी. चावी एकाच माणसाकडे," आत प्रिन्सिपल सर मॅमना सांगत होते. "कुलूप फोडलेलं नाही. मग दुसरं कोण? अकरावीचा सुयश म्हणतो, हा कुरकुरत होता, दुपारी टेकायला हॉल बंद म्हणून. आपला व्हिसावाला पीआरओ आज इमिग्रेशनला जाणारच आहे. व्हिसा कॅन्सल, परत पाठवणी. खलास."

अस्मी दारातूनच म्हणाली, "सर, मधल्या सुट्टीपर्यंत थांबा. मी शोधते."

गेल्या वर्षी हीच अस्मी वर्गात 'प्रेझेंट मॅम'सुद्धा पुटपुटायची. मॅमनी डोळे विस्फारले. सरांनी नुसता हात झटकला. त्याचा अर्थ 'हो' असा अस्मीने स्वतःच लावून टाकला.

पहिला मोहिद्दीन.

"चाचा, शुक्रवारी हॉल उघडला होता?"

"नहीं बेटी. जुम्मे को कौन खोलेगा? मैं गेट पे था."

"चावी कुणी मागितली?"

"किसी ने नहीं. सिर्फ कंप्यूटरवाले बच्चे आए थे, अपनी लॅब में." तो स्टुलावरून उठला. "घर पे क्या बोलूँगा? पुतले तोड़े, इसलिए निकाला?"

अस्मी परत हॉलमध्ये गेली.

सैनिक हातात घेतले. प्लास्टिकचे, सत्वा भागातल्या खेळण्यांच्या दुकानातले. बाक लाकडी. मेणाचे फक्त आमदार. मग तिने टेबलाखालची वैभवीची क्रेयॉन्सची पेटी ओढली. झाकणाला चिकटपट्टी जशीच्या तशी होती. पट्टी फाडून उघडली, तर आतले सगळे खडू एकमेकांना चिकटून त्यांची रंगीबेरंगी वीट झालेली.

ती बाहेर धावली.

हॉल आणि कॉम्प्युटर लॅब यांच्यामधल्या कॉरिडॉरमध्ये एसीचा बोर्ड होता. इमारत जुनी. हॉल आणि लॅब, दोन्हीचे एसी एकदम लावले की बटन ट्रिप व्हायचं, म्हणून एका वेळी एकच चालायचा. हॉलच्या बटनावर वैभवीने लाल शाईत कागद चिकटवला होता: 'बंद करू नका, प्लीज!' तो कागद गायब. पण फाडलेला नव्हता. चारही कोपऱ्यांची टेप नखाने अलगद सोडवलेली.

दुसरा वेदांग, कॉम्प्युटर क्लबचा कॅप्टन.

"काल लॅबमध्ये होतास?"

"ऑफकोर्स. सोमवारी इंटरस्कूल कॉन्टेस्ट आहे."

"उकडलं असेल ना रे?"

"व्हॉट उकडलं? एकदम चिल्ड होतं, यार."

"आणि हॉलचा एसी?"

वेदांगची नजर बुटांकडे गेली. "निघताना परत लावला ना. आणि वी हॅड परमिशन."

"कुणाची?"

"आस्क समवन एल्स."

तिसरा सुयश. प्रोजेक्टचा लीडर आणि गुरुवारपासून शाळेचा हेडबॉय. खिशावर नवा बॅज.

"अभिनंदन हं," अस्मी म्हणाली. "कॉम्प्युटर क्लबने एकगठ्ठा मतं दिली म्हणे. तेच ना, जे तुझ्या भाषणाची कँटीनमध्ये नक्कल करायचे?"

"लोकांची मतं बदलतात. तू काय सीआयडी झालीस का?"

"झाले. वर्गात ये. मॅमसमोर सांगते."

वर्ग गच्च भरला होता. अस्मी फळ्यासमोर उभी राहिली. आवाज ठणठणीत निघाला.

"हॉलमध्ये कुणीच शिरलं नाही. आमदारांना कुणी हातही लावला नाही. बंद पेटीतले खडू कोण हाताने वितळवेल? काल दिवसभर हॉलचा एसी बंद होता. पश्चिमेच्या काचांतून ऊन आलं, मेण मऊ पडलं, माना खाली आल्या. संध्याकाळी एसी परत लागला, मेण तसंच घट्ट झालं. सकाळी आपल्याला गारठाच लागला, म्हणून उष्णतेचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही. आपण इथेच वाढलो ना! एसी बंद असू शकतो, हे आपल्याला सुचतच नाही."

"मग बंद केला कुणी?" मॅमनी विचारलं.

"बटन दाबलं वेदांगने. पण एसी विकला दुसऱ्याने." ती वळली. "मॅम, विषय तुम्हीच दिलात. समानता का हरली? गोरे लोक काळ्या मतदारांना घरात घुसून मारत होते. सरकारने जमीन देतो म्हटलं आणि काढून घेतली. तरी ती माणसं मतं देत राहिली, शाळा चालवत राहिली. मग निवडणुकीचा वाद झाला. १८७७ मध्ये काळ्यांना राखणाऱ्या पक्षाच्या उमेदवाराला अध्यक्षाची खुर्ची मिळाली आणि बदल्यात दक्षिणेतल्या विधानसभांचा लष्करी पहारा उठला. ज्यांनी राखायचं, त्यांनीच सौदा केला. तेव्हा मी मारणाऱ्याला शोधायचं सोडलं. विचारलं, पहारा कुणाचा होता? आणि तो उठल्यावर खुर्ची कुणाला मिळाली?"

सगळ्या माना सुयशकडे वळल्या.

"कागद फाडला असता, तर म्हटलं असतं, कुणीतरी वैरी आहे. तो जपून काढलाय. आपल्याच माणसाने."

"मॉडेलला मी हातसुद्धा लावला नाही!" सुयश ओरडला. "मतांच्या बदल्यात एकच दिवस एसी मागितला त्यांनी. एक दिवस एसी नसला तर काय होतं? मला काय माहीत वितळेल!"

"ते नव्हतं माहीत," वैभवी पहिल्यांदाच बोलली. तिचे डोळे सुजले होते. "पण चाचांनी केलं नाही, हे तर माहीत होतं ना? मग त्यांचं नाव का घेतलंस?"

सुयशने खिशावरचा बॅज हाताने झाकला.

केबिनबाहेरचं स्टूल रिकामं होतं. मोहिद्दीन सामान बांधायला गेला होता. आत सुयशने खाली बघत सगळं सांगितलं. सरांनी ऐकलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"पीआरओ केव्हाच निघाला."

"फोन करा, सर!" अस्मी जवळजवळ टेबलावरच चढली.

सरांनी नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. पुन्हा फिरवला. वैभवीने अस्मीचा हात इतका आवळला की नखं रुतली. तिसऱ्यांदा पलीकडे गोंगाट ऐकू आला.

"पेपर मत दो," सर म्हणाले. "हाँ, वापस आओ. क्या? लाइन में? अरे, लाइन छोड़ो, यल्ला, जल्दी!"

वैभवी मटकन खाली बसली.

मोहिद्दीनला बोलावलं. तो पिशवी छातीशी धरून आला. सर फायली आवरत म्हणाले, "सब क्लिअर हो गया. जाओ, गेट पे जाओ."

तो मान हलवून वळला.

"सर," अस्मी म्हणाली, "सॉरी म्हणायचं राहिलं."

सरांनी अस्मीकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

सरांनी खुर्ची मागे सरकवली. टेबलाला वळसा घालून ते बाहेर आले आणि मोहिद्दीनसमोर उभे राहिले.