केरूमामाचं राखीव इंजिन

कंदील थोडा बारीक करतो, काच काळी होतेय. हां, आता ऐका.

चौतीस सालच्या चैत्रात मी मिरकरवाड्याला रावजीशेटच्या बर्फाच्या कारखान्यात इंजिनाला तेलपाणी करायचो. त्या दिवशी मात्र कामाला नव्हे, बर्फ मागायला गेलो होतो. माझी चिमा विषमज्वरानं फणफणली होती. डॉक्टर म्हणाले होते, रात्रभर डोक्यावर बर्फ ठेवलात तर पोर हाती लागेल.

आणि नेमका आदल्या दिवशी मोठ्या इंजिनाचा दांडा मोडलेला. होता तो बर्फ वितळून गेलेला.

उरलं होतं राखीव इंजिन, केरूमामानं पसंत केलेलं. केरूमामा आमचा मिस्त्री. मला पान्हा धरायला त्यानंच शिकवलं. नाकात तपकीर ओढून चिमाला खांद्यावर बसवून बंदर दाखवायचा. इंजिन वीज करायचं, त्या विजेवर मोटार फिरायची आणि पट्ट्यानं बर्फाचं यंत्र फिरवायची. त्या चालत्या मोटारीला कान लावून तो म्हणाला होता, "एवढ्या कामाला लहान इंजिन पुरं, शेट." तिथंच त्याची चूक झाली. चालती गाडी एक बैलही ओढतो, पण रुतलेली हलवायची तर चार लागतात. मोटारीचं तसंच. पहिल्या हिसक्याला ती कितीतरी पट वीज खाते. पण हे कळायच्या आधीच मामा वारला. इंजिन तेव्हा पेटीतच होतं.

"लावून तर बघू," रावजीशेट म्हणाले.

इंजिन धडधडलं. मोटारीचा खटका ओढला तसे दिवे लाल झाले, इंजिन दमेकऱ्यासारखं धापलं आणि बंद पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"दादू, दिवे मालव सगळे," शेट मला म्हणाले. "आणि पट्टा उतरव. मोटार मोकळी फिरू दे आधी."

एकच दिवा ठेवला. पट्टा उतरवला. तरी मोटार जागच्या जागी नुसती गुरगुरत राहिली, फिरेना. बाहेर तिन्हीसांज झाली होती. वारा पडलेला. आत मिठाच्या पाण्याचा गार, ओला वास. आणि त्यात एकदम... तपकिरीचा.

"शेट, तपकीर ओढलीत?"

"मी कुठं रं ओढतो?"

मोटारीच्या पलीकडे, उजेड पोचत नव्हता तिथं, कुणीतरी घसा खाकरला. मग जड ओझं रेटताना माणूस कण्हतो तसा आवाज... आणि मोटारीचं चाक गरकन फिरलं. दिवा मिणमिणला, पण विझला नाही. मोटार चालू झाली! मी पट्टा चढवायला वळलो. तो चढलेला होता.

"दादू..." शेट कुजबुजले, "पट्टा कुणी..."

"मामा असंल," मी म्हणालो. भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू? पण डोळेही भरून आले.

पातळ बर्फ धरू लागला तसा मी गोणपाटात गुंडाळून घरी नेला. माझी बायको सगुणा चिमाच्या उशाशीच होती. शेट कारखान्यात बसले, मी फेऱ्या घालत राहिलो. उजाडायच्या सुमाराला पोरीला घाम फुटला. डोळे उघडून म्हणाली, "आये, पेज दे."

मी धावत शेटना सांगायला गेलो. ते कारखान्याच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून उभे.

"तेल कवाच संपलं, दादू. इंजिन बंद हाय. पण आत..."

मी आत गेलो. इंजिनाला हात लावला, गारढोण. आणि समोर मोटार फिरत होती. पट्टा सळसळत होता.

"मामा," मी हळूच म्हटलं, "चिमानं पेज मागितली रं. आता पुरं कर. दमला असशील."

मोटार सावकाश थांबली. मी भिंतीकडच्या बाकड्यावर टेकलो. शेट दारातच होते, आत यायला तयार नव्हते.

माझ्या शेजारी फळी करकरली. बाकड्याची ती बाजू हळूहळू खाली वाकली.

मी अंग चोरून थोडी जागा दिली. तशी ती आणखी वाकली.