बदूच्या गाडीची काजळी

बदूची गाडी पहिल्यांदा गचके खात थांबली ती नेमकी सेरवाच्या पायांपाशी. सेरवा दुसऱ्याच एका गाडीखाली आडवी झाली होती, बाहेर होते ते फक्त तिचे पाय. त्या पायांपासून वीतभर अंतरावर एक पिवळी प्रवासी व्हॅन काळा धूर ओकत आली आणि बंद पडली.

"अरे ए, पाय आहेत ते माझे! रस्ता नाही!" गाडीखालून आवाज आला.

"माफ करा, मास्टर... माफ करा." ड्रायव्हर धडपडत उतरला.

सेरवा सरकत बाहेर आली. कपाळावर तेलाचा पट्टा, केसांना करकचून बांधलेला फडका, आणि डोळे असे दमलेले की बघणाऱ्यालाच कुठेतरी टेकावंसं वाटावं. बदू बघतच राहिला.

"मास्टर ते, आत बसलेत ते. मी शिकाऊ," ती म्हणाली. "बोला, ड्रायव्हरसाहेब. काय होतंय?"

"चढ आला की दम टाकते. परवा तेचिमानच्या रस्त्यावर एक कोंबडी मला मागे टाकून गेली."

"आणि धूर?"

"मागचे लोक आईबापाचा उद्धार करतात, इतका."

कुमासी शहराच्या सुआमे भागात दगड भिरकावला तर तो मेकॅनिकलाच लागतो, पण धूर बघून रोग ओळखणारे थोडे. सेरवा त्या थोड्यांतली. तिने बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि मान हलवली.

"ईजीआर व्हॉल्व्ह चोंदलाय. इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच जाळायला पाठवतात ना, त्या वाटेवरचं दार हे. काजळीने पार जाम झालंय. ना उघडतंय, ना मिटतंय."

"पलीकडे म्हणे दुधाच्या डब्याचा पत्रा कापून ती वाटच बुजवून टाकतात. पाव तासात मोकळं."

"मग जा ना पलीकडे," सेरवा म्हणाली आणि पान्हा खाली ठेवला.

तो गेला नाही. एक जुना टायर ओढून त्यावर बसला.

सेरवाने वायरीचा प्लग काढला, चार बोल्ट सोडवले आणि व्हॉल्व्ह हातात घेतला. आतलं भोक दिसतच नव्हतं. लाकडी काडीने ती काजळी कोरू लागली. लोखंड लावायचं नाही, व्हॉल्व्हच्या बैठकीला चरा पडतो. मग थोडा क्लीनरचा फवारा, जुना दातांचा ब्रश, पुन्हा फवारा... व्हॉल्व्हच्या छोट्या मोटरवर थेंबही जाऊ द्यायचा नाही. शेवटी तिने अंगठ्याने दांडी दाबली. ती खाली गेली आणि टुणकन वर आली. एवढ्याशा त्या टुणकन येण्याने दिवसभरात पहिल्यांदाच सेरवाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. बदूने ते टिपलं.

"नाव काय?" नवं गॅस्केट बसवता बसवता तिने विचारलं.

"बदू. याव बदू."

"बदू म्हणजे दहावा! आईला तुझ्या दम नाही का लागला?"

"मला बघितलं आणि थांबली."

सेरवा हसली. हसू आवरायचीही ताकद उरली नव्हती तिच्यात, म्हणून ते पुरतं बाहेर आलं.

"स्टँडवर गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवतोस?"

"सगळेच ठेवतात. इंजिन घुरघुरत असलं की लोकांना वाटतं, आता सुटणार. बंद गाडीत कोण चढतंय?"

"तिथेच माती खाता तुम्ही लोक. उभ्या गाडीचा धूर थंड असतो, तो सगळा इथे येऊन बसतो. सीटा भरेपर्यंत बंद ठेवत जा. मग वर्षभर मला तोंड दाखवायला नको."

"वर्षभर?"

त्याचा चेहरा एकदम पडला. का पडला, याचा विचार करायला सेरवाला त्राण नव्हतं.

तीन आठवड्यांनी पिवळी व्हॅन पुन्हा दारात. तोच धूर. सेरवा चक्रावली. असं कसं? तिने पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा कोरलं. बदूने कागदात भाजलेली केळी आणि शेंगदाणे आणले होते.

"खा ना."

"हात बघ माझे."

"हात कुणी मागितलेत?" असं म्हणून त्याने केळ्याचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडासमोर धरला. तिने इकडेतिकडे बघितलं... आणि पटकन घास घेतला. ओठ बोटांना लागले की नाही, हे दोघांनाही नक्की सांगता आलं नसतं. पण त्यानंतर दोघांनीही बराच वेळ फक्त इंजिनाकडेच बघितलं.

तिसऱ्या खेपेला उत्तरेचा कोरडा वारा सुरू झाला होता. सगळ्या पत्र्यांवर धुळीची साय, सगळ्यांचे ओठ फुटलेले. सेरवाच्या बोटांच्या भेगांत काजळी शिरून काळ्या रेघा उमटल्या होत्या. बदूने पानात बांधलेला एक गोळा तिच्यापुढे धरला. शियाच्या बियांचं लोणी होतं, भेगांवर लावायचं.

"तेचिमानच्या बाजारातून आणलं. झोपताना लाव."

"तुझी गाडी अशीच येत राहिली तर लावून काय उपयोग?" ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मात्र पानाची पुडी तिने दोन्ही हातांत धरली होती, जणू कुणी हिसकावून नेईल. खोटं कशाला बोला, व्हॅनचा धूर वळणावर दिसला की तिची पाठ दुखायची थांबत असे.

तरी तिचा खरा जीव अडकला होता तो शनिवारात. नाताळाआधीच्या शनिवारी ओपोकू मास्टर तिला मोकळं करणार होते. सगळ्यांदेखत डोक्यावर पांढरी पावडर ओतायची, हत्यारांची पेटी हातात द्यायची, की शिकाऊ संपला आणि मास्टर झाला. पाच वर्षं! पाच वर्षं दुसऱ्याच्या पत्र्याखाली, 'मुलगी काय करणार' हे ऐकत, ती त्या मूठभर पावडरीसाठी राबली होती.

आणि त्याच आठवड्यात व्हॅन चौथ्यांदा आली. या वेळी पुढच्या सीटवरून उतरल्या मामे दुफी, गाडीच्या मालकीण. बाजारात कापडाचं मोठं दुकान असलेल्या बाई. अंगाने भारी, आवाजाने त्याहून भारी.

"ओपोकू मास्टर! तुमची ही पोरगी धुते की नुसती गोंजारते? तीन आठवडे झाले की धूर! हाताला गुण नाही तिच्या. बुजवून टाका ते भोक!"

आजूबाजूची ठोकाठोकी थांबली. ओपोकू मास्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सेरवा," ते हळू म्हणाले, "ज्याची गाडी परत परत येते, त्याला मी माझं नाव कसं देऊ? शनिवार राहू दे. आणखी एक वर्ष काढ."

रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. सेरवा वाकली आणि तिने व्हॉल्व्ह काढला. आतली काजळी तिने बोटावर घेतली... मऊ, कोरडी, फुंकर मारली की उडणारी. रस्ता कापणाऱ्या गाडीची काजळी अशी नसते. ती कडक होते, खरवडावी लागते. ही होती तासन् तास एका जागी घुरघुरणाऱ्या गाडीची.

तिने मान वर केली. बदू जमिनीकडे बघत होता.

"इकडे ये," ती म्हणाली आणि त्याला टायरांच्या राशीमागे घेऊन गेली. "किती वेळ इंजिन चालू ठेवतोस?"

"गाडी भरेपर्यंत..."

"बदू!"

"जेवताना पण," तो पुटपुटला. "आणि... रविवारी चर्चमध्ये असतो, तेव्हा पण."

"का रे?"

"तूच म्हणालीस ना – वर्षभर तोंड दाखवायला नको. वर्षभर... मला नसतं जमलं, सेरवा."

एक क्षण, अगदी एकच क्षण, तिच्या छातीत काहीतरी त्या दांडीसारखं टुणकन वर आलं. मग आला संताप. आणि संतापाच्या मागोमाग तो नेहमीचा थकवा, पण आज दसपट.

"मी तुला आवडते म्हणून तू माझंच काम खोटं पाडलंस?" तिचा आवाज फाटला. "तीन वेळा कोरलं मी. बोटं सोलवटली. माझ्याकडे दुसरं काय आहे रे, या हातांशिवाय? नुसतं विचारलं असतंस, 'रविवारी फिरायला येतेस का'... आले असते मी. नाचत आले असते!"

ती डोळे पुसून परत कामाला लागली. तिने मास्टरांना काही सांगितलं नाही. सांगावं तर त्याची नोकरी जाणार, न सांगावं तर आपलं वर्ष. आणि कुणाला बुडवायची ताकद तिच्यात नव्हती.

बदू सरळ मामे दुफींसमोर जाऊन उभा राहिला.

"मामे, तिच्या हाताला दोष देऊ नका. काजळी मी केली. मुद्दाम. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवत होतो."

"मुद्दाम? कशासाठी?"

"इथे यायला मिळावं म्हणून."

मामे दुफींनी त्याच्याकडे बघितलं, सेरवाकडे बघितलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं.

"अरे मेल्या! प्रेम तुझं आणि डिझेल माझं? माझं इंजिन जाळून पोरगी पटवतोस? किल्ली टाक!"

बदूने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि तो चालू लागला. वळणावर त्याच्यामागे या वेळी धूर नव्हता. ओपोकू मास्टर बराच वेळ खाकरत राहिले, मग म्हणाले, "शनिवारची पावडर आणायला सांगा कुणाला तरी. मोठा डबा आणा."

शनिवारी पावडर ओतली गेली. सेरवाच्या केसांतून, पापण्यांवरून, काळ्या रेघांच्या हातांवर ती पांढरीशुभ्र पसरली. लोक ओरडले, नाचले, पेटी हातात आली. आणि सेरवा? ती सारखी रस्त्याकडे बघत होती. आपण एवढं बोलायला नको होतं, असं तिला वाटत होतं, आणि बोललो ते बरोबरच होतं, असंही. बदू आला नाही.

जानेवारीत तिने आपला स्वतःचा पत्रा उभारला. कामं येत होती, पाठ दुखत होती. आता मास्टर म्हणून दुखत होती, एवढाच फरक. एका दुपारी समोर एक जुनीपुराणी टॅक्सी येऊन थांबली. घुरघुरतच उभी राहिली. आत बदू.

सेरवाने बॉनेट उघडलं. आत बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"ही पेट्रोलची आहे."

"हो."

"आणि इतकी जुनी की हिला तो व्हॉल्व्हच नाही."

"माहीत आहे. शोधून शोधून हीच चालवायला घेतली."

"मग काय बिघडलंय?"

"काही नाही बिघडलं."

"मग कशाला आलास?"

बदूने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "आता बहाणाच उरला नाही, म्हणून. त्या शनिवारी आलो होतो मी, पलीकडच्या गल्लीत उभा होतो. पुढे यायला तोंड नव्हतं. सेरवा, तू मला आवडतेस. धुराशिवाय, काजळीशिवाय... नुसतीच आवडतेस. आज रविवार नाही, तरी विचारतो – येतेस?"

वाऱ्याने पत्रा वाजला. सेरवाने फडक्याला हात पुसले, जे पुसून कधीच स्वच्छ होत नाहीत.

"मी फार दमलेय, बदू."

"मग नुसती बस. शेजारची सीट रिकामी आहे. कुठे जायला नको."

ती खिडकीपाशी आली. आत हात घालून तिने किल्ली फिरवली. घुरघुर थांबली आणि दुपार एकदम शांत झाली.

"चालू इंजिनावर विश्वास नाही माझा," ती म्हणाली. "सुटणार सुटणार म्हणतं, आणि जागचं हलत नाही."

मग ती वळसा घालून आली, दार उघडून शेजारी बसली. बदूने खिशातून पानाची पुडी काढली, लोण्याचा गोळा बोटावर घेतला आणि तिचा हात हातात घेऊन एकेक भेग भरू लागला. तिसऱ्या बोटापर्यंत येईतो तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं होतं. चौथ्याला ती झोपली होती.

डोक्यावर टोमॅटोचं घमेलं घेतलेली एक बाई खिडकीशी वाकली. "ड्रायव्हर, सुटणार का गाडी?"

"नाही, मामी," बदू अगदी हळू म्हणाला. "ही आज कुठेच जात नाही."