बर्फाखालची वाट

संत इव्हानच्या सणाला गावी भावाच्या घरी पाहुणे यायचे होते, म्हणून आदल्या दुपारी वेलिच्का त्याच्याबरोबर मासे धरायला धरणावर निघाली. दोघंही साठीच्या पुढची. ती प्लोवदिवला राहायची, पण रोडोपच्या डोंगरातलं ते धरण गोठलं, की तिचं शहरात मन लागत नसे. पायात स्केट चढवून ती बर्फावर लांबलांब फेऱ्या मारी; भाऊ, स्तामेन, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसे.

त्या दिवशी बर्फ आरशासारखा होता. डोंगरावरून धुकं हळूहळू उतरत होतं.

"धुकं दाटतंय रे दादा. काठाजवळच बस की."

"तेवीस वर्षं या धरणाची दारं उघडली-मिटली मी. बर्फ मला नाही फसवायचा."

"वहिनी म्हणते, बर्फ ओळखतोस तेवढं तिला ओळखलं असतंस तर..."

स्तामेन हसला आणि गिरमिट फिरवू लागला. हातभर आत गेल्यावर ते एकदम सैल पडलं. त्यानं ते उपसून काढलं. तळहाताएवढं भोक पडलं होतं, पण पाणी वर आलंच नाही. आला तो उबदार वारा... ओल्या लोकरीचा, लाकडाच्या धुराचा.

स्तामेनचा चेहरा पांढरा पडला. "खालून पाणी सोडलंय. बर्फ अधांतरी आहे, वेली. आडवी हो. हळू..."

दोघं पोटावर पडली. कानाखाली बर्फ लांबवर कण्हत गेला. मग त्या कण्हण्याच्या आतून घंटा ऐकू आल्या. एक नाही, दोन नाही, शेकडो. जाड, बारीक, संथ चालीच्या.

वेलिच्कानं भोकाला डोळा लावला.

खाली पाण्याचा थेंब नव्हता. बर्फातून झिरपलेल्या निळ्या उजेडात अख्खी दरी उघडी पडली होती आणि दरीतून एक वाट जात होती. वाटेवर मेंढरं. नजर पोचेल तिथवर मेंढरं, त्यांच्या पाठींवर वाफ. काळ्या घोंगड्यांतले धनगर, ओझ्याची घोडी, पाठीला पाळणे बांधलेल्या बाया. थंडी पडली की कळप घेऊन समुद्राकडे उतरणारे कराकाचान! त्यांच्या गोष्टी बाप सांगायचा. आधी सरहद्दी बंद झाल्या, मग धरणानं वाटच बुडवली.

तिला भीती वाटली नाही. चर्चच्या घुमटाखाली उभं राहिल्यासारखं वाटलं. डोळ्यांतून पाणी कधी वाहू लागलं, तिला कळलंही नाही.

"बघ..." एवढंच ती म्हणाली.

स्तामेननं पाहिलं. मग त्यानं बर्फ फोडायची पहार जवळ ओढली आणि भोकाच्या कडेवर घाव घातला.

"अरे, काय करतोस!"

"पुढे भिंत आहे, वेली. धरणाची भिंत... त्यांना ठाऊक नाही. लेकरं आहेत बरोबर. कुणीतरी सांगायला हवं."

बर्फ कडाडला. दोघांच्या मधून एक चीर पळत गेली. वेलिच्कानं त्याच्या मनगटाला मिठी मारली; पहार निसटून घसरत दूर गेली. स्तामेननं भोकाला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडला, "अहो! पुढे वाट बंद आहे!"

घंटा थांबल्या. सगळ्या, एकदम.

वेलिच्कानं पुन्हा डोळा लावला. माणसं, मेंढरं, कुत्री, पाळण्यातली पोरं... सगळी मान वर करून त्या एवढ्याशा भोकाकडे बघत होती. कुणी रागावलेलं नव्हतं. ती ऐकत होती.

"चल दादा... चल..."

भावाला ओढत ती सरपटत काठाला लागली.

संध्याकाळी स्तामेननं धरणावर फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "नऊ दिवसांत पाणी सोडलेलं नाही, काका. बर्फापर्यंत काठोकाठ भरलंय."

रात्री भुरभुर बर्फ पडला. सकाळी भाऊ-बहीण बर्फावरून जपत पुन्हा भोकापाशी गेली. ते भोक पाण्यानं तुडुंब भरून गोठलं होतं. आणि त्याच्या कडेपासून, ताज्या भुरभुरीत बर्फात, पावलं निघाली होती. एकाच माणसाची, अनवाणी, भिजलेली. बर्फावरून काठाला, काठावरून गावाच्या रस्त्याला. परतीचं एकही नव्हतं.

दोघं त्या पावलांच्या मागोमाग चर्चच्या फाटकापर्यंत गेली. तिथं सणाच्या प्रार्थनेला सगळं गाव लोटलं होतं, आणि ती पावलं इतरांच्या पावलांत मिसळून गेली होती.