प्रेमलाबाईंच्या दारातल्या चपला

कोथरूडातला भरपूर उजेडाचा, पार्किंगसकट फ्लॅट दोन वर्षं विकला जात नाही, तेव्हा खोट भिंतीत नसते, लोकांच्या बोलण्यात असते. मंडईजवळ भांड्यांचं दुकान चालवता चालवता श्यामसुंदरराव एवढं शिकले होते. गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघतं, हसतं आणि न घेता जातं, म्हणजे कुणीतरी आधीच त्याच्या कानाला लागलेलं असतं. तरीही त्या फ्लॅटची किल्ली त्यांनी ओळखीतून मागून आणली. चार दिवसांपुरती, मुलीसाठी.

मुलगी वल्लरी. शाळेत असल्यापासून जपानी कार्टून बघत भाषा उचललेली, पुढे रीतसर क्लास लावून परीक्षाही दिलेल्या. तिकडच्या चित्रकथांचा अभ्यास करायला क्योतोला जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. शिष्यवृत्तीची मुलाखत ऑनलाइन. मागच्या वर्षी ती त्यात पडली होती. आपण तलवार उपसल्यासारखं बोलता, असं परीक्षकांनी फार नम्रपणे कळवलं होतं. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची, आणि नेमकी घराशेजारची इमारत पाडायला घेतलेली. ड्रिलपुढे आईला कुकरची शिट्टी ऐकू येईना, तिथे मुलाखत काय ऐकू येणार?

तो फ्लॅट प्रेमलाबाईंचा. जन्मभर जपानी शिकवलं, एकट्या राहिल्या, तिथेच गेल्या.

पहिल्या दिवशी दुपारी चारला वल्लरीने दाराबाहेर चपला काढल्या, आपण काढतो तशाच, एक इकडे, एक तिकडे. आत बंद घराचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक, नुकत्या तासलेल्या पेन्सिलीचा. तासभर सराव करून ती बाहेर आली, तर चपला एकमेकींना चिकटून उभ्या. टाचा दाराकडे, तोंडं जिन्याकडे.

समोरच्या सुनीतीबाई दाराच्या फटीतून बघतच होत्या. "फिरल्या ना? फ्लॅट बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या फिरतात. बाई सरळ सांगतात, चालते व्हा. पुण्याच्याच त्या, जिवंतपणी पाणी विचारलं नाही, आता काय विचारणार?"

वल्लरी घाईघाईने जिना उतरू लागली. अर्ध्यावर मात्र ती थबकली. जपानात पाहुणा आत गेला, की घरचं माणूस गुडघे टेकून त्याची पादत्राणं बाहेरच्या दिशेला तोंड करून लावतं. निघताना त्याला उलटं वळावं लागू नये म्हणून. बाई दोन वर्षं पाहुणचार करत होत्या, आणि लोक ओरडत पळत होते.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर कमरेत वाकूनच ती आत गेली. आभाळ भरून आलेलं, वीज गेलेली, खोलीत राखाडी अंधार. सराव करता करता आवाज चढला, बोलणं पुन्हा कार्टूनमधल्या वीरासारखं होऊ लागलं. आणि आतल्या खोलीत... टक्. लाकडावर पेन्सिल आपटावी तसं.

तिने तेच वाक्य हळू, अदबीने म्हटलं. शांतता. पुढच्या वाक्याला आवाज पुन्हा चढला. टक्. या वेळी तिच्या खुर्चीच्या अगदी मागे.

मानेवर थंड वारा आल्यासारखं झालं. पळावं असं फार वाटलं. पण मुलाखत परवावर आलेली, आणि अशी शिक्षिका कुठल्या क्लासात मिळते? मागे न बघता ती म्हणाली, "बाई... पुन्हा म्हणते."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टकटक थांबली होती.

मुलाखत सकाळी साडेनऊला झाली. वल्लरी अशी बोलली, की तिघांपैकी वयस्कर परीक्षकांनी चष्मा काढून ठेवला. असं गोड, जुन्या वळणाचं बोलणं आता आमच्याकडेही ऐकू येत नाही, म्हणाले, कुणाकडे शिकलात? तिने बाईंचं नाव सांगितलं.

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. श्यामसुंदररावांनी दुकानांच्या अख्ख्या ओळीत पेढे वाटले, घराजवळच्या ड्रिलवाल्यालाही हाक मारून एक दिला. चपलांचा अर्थ समजल्यावर सुनीतीबाईंनी पेढा हातातच धरून ठेवला, खाल्ला नाही. महिन्याभरात फ्लॅटही गेला. घेणाऱ्याच्या चपला मात्र जागच्या हलल्या नाहीत.

सप्टेंबरअखेर वल्लरी क्योतोला पोचली. पाठीवर बॅग, वसतिगृहाच्या दारात उभी, चेहऱ्यावर सगळं जग जिंकल्याचं हसू. म्हाताऱ्या व्यवस्थापिकेने नाव विचारलं, पण किल्ली काही दिली नाही.

"खोली उघडीच आहे," ती जपानीत म्हणाली. "तुमच्या बाईंनी काल येऊन झाडून-पुसून ठेवलीय. किती सुंदर बोलतात. म्हणाल्या, चाळीस वर्षं शिकवलं, यायला आत्ता जमलं."

वल्लरीने हळूच विचारलं, "त्या... गेल्या कधी?"

व्यवस्थापिकेने नवल वाटून जिन्याकडे पाहिलं.

"गेल्या कुठे? वर बसल्या आहेत."